सामाईक चुंबक : चयापचयाच्या संशोधनासाठी अनुस्पंदन केंद्र कसे उभे राहते



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्या रसायनशाळेत काचेच्या पेटीतला एकच रासायनिक तराजू होता आणि तो सर्व तुकड्यांना मिळून वापरावा लागे. पेटीशेजारी दोरीने बांधलेली एक वही असे. कोणी, केव्हा, काय तोलले आणि उठताना पारडी पुसली की नाही, एवढेच तिचे चार रकाने. वहीत नाव न लिहिणाऱ्याला सर तराजूला हात लावू देत नसत. आणि ज्याची पाळी आहे त्याला कोणी मागे सारलेले त्यांना खपत नसे, मग तो मागे सारणारा शिक्षक का असेना.

सरांची दुसरी आठवण त्यांच्या उतारवयातली आहे. अंगाने ते शेवटपर्यंत सडपातळ राहिले. तरीही त्यांना मधुमेहाने गाठले होते. एकदा भेटावयास गेलो असता ते म्हणाले, "गोड सोडले, रोज चालतो, अंगावर चरबी नाही. तरी साखर रक्तातच राहते. ती जिथे जायला हवी तिथे जाताना नेमकी कुठे अडते, हे तुम्ही लोक आत पाहून सांगू शकत नाही का?" त्या दिवशी माझ्यापाशी नीट उत्तर नव्हते. पुढे ते वाचनात आले, आणि ते मिळवणाऱ्या यंत्राची व्यवस्थाही जवळून पाहता आली. सरांच्या प्रश्नाचे उत्तर आणि त्यांच्या तराजूशेजारची वही या दोन गोष्टींचा फार जवळचा संबंध आहे, असे मला वाटते. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

अनुस्पंदन म्हणजे काय?

काही अणुकेंद्रे अतिसूक्ष्म चुंबकांसारखी वागतात. त्यांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवले आणि योग्य कंप्रतेच्या रेडिओतरंगांचा झोत टाकला, तर ती ऊर्जा शोषून घेतात व झोत थांबल्यावर त्याच कंप्रतेचा क्षीण संकेत परत देतात. यालाच अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड परसेल यांनी हे १९४६ साली अमेरिकेत स्वतंत्रपणे दाखवून दिले. १९५२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले.

प्रत्येक मूलद्रव्याची कंप्रता वेगळी असते. ३ टेस्लाच्या क्षेत्रात हायड्रोजन सुमारे १२८, फॉस्फरस सुमारे ५२ आणि कार्बन-१३ सुमारे ३२ मेगाहर्ट्झवर बोलतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एकाच मूलद्रव्याचे अणू रेणूत वेगवेगळ्या शेजारात असतील तर त्यांच्या कंप्रतेतही किंचित फरक पडतो. जेम्स अर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड यांनी १९५१ साली स्टॅनफर्ड येथे साध्या इथिल अल्कोहोलच्या हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखवले. त्यांची प्रमाणे रेणूतल्या हायड्रोजनच्या संख्येप्रमाणे तीनास दोनास एक अशी होती. या त्रयीतले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि आपल्या देशातल्या अनुस्पंदन-संशोधनाचा पाया त्यांनी घातला, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

रुग्णालयात काढली जाणारी चुंबकीय प्रतिमा, म्हणजे आपली ओळखीची एमआरआय, याच तत्त्वावर चालते. पण ती मुख्यतः पाण्यातल्या व मेदातल्या हायड्रोजनचे चित्र काढते. चयापचयाच्या अभ्यासकाला चित्रापेक्षा वर्णपट हवा असतो : कोणता पदार्थ किती आहे, आणि घटकाभरात तो वाढला की घटला.

जिवंत स्नायूतले रसायन

अन्नापासून ऊर्जा व शरीरद्रव्य घडण्या-मोडण्याच्या साऱ्या रासायनिक क्रियांना आपण चयापचय म्हणतो. पूर्वी त्यांचा अभ्यास करायचा तर ऊतीचा तुकडा काढावा लागे, तो गोठवून वाटावा लागे आणि मग त्याचे पृथक्करण करावे लागे. म्हणजे जिवंत क्रियेचा अभ्यास ती क्रिया थांबवूनच करता येत असे.

१९७४ साली ऑक्सफर्डमध्ये जॉर्ज रॅडा, डेव्हिड हाउल्ट, डेव्हिड गॅडियन आदी संशोधकांनी उंदराच्या पायाचा नुकताच काढलेला अखंड स्नायू चुंबकात ठेवला आणि त्यातल्या फॉस्फरसचा वर्णपट घेतला. पेशींचे ऊर्जाचलन असलेले एटीपी, त्याचा राखीव साठा असलेले क्रिएटिन फॉस्फेट आणि सुटे अकार्बनी फॉस्फेट यांचे संकेत त्यात वेगवेगळे दिसले. शिवाय अकार्बनी फॉस्फेटचा संकेत किती सरकला यावरून स्नायू किती अम्लधर्मी झाला हेही कळू लागले.

सात वर्षांनी, १९८१ मध्ये, त्याच गटाने मॅकआर्डल विकाराचा संशय असलेल्या एका रुग्णाचा हात चुंबकात ठेवून तपासला. या विकारात स्नायूला आपल्याच ग्लायकोजेनच्या साठ्यातून साखर मोकळी करता येत नाही. निरोगी माणसाचा स्नायू जोराच्या व्यायामाने आम्ल होतो. या रुग्णाचा झाला नाही, कारण आम्ल तयार होण्यासाठी लागणारी साखरच सुटत नव्हती. सुई न टोचता रोगाचे रासायनिक कारण वर्णपटात वाचता आले. या शोधनिबंधाच्या लेखकांत जीवरसायनज्ञ होते, अनुस्पंदनाचे तज्ज्ञ होते आणि वैद्यही होते.

साखर अडते कुठे?

आता सरांच्या प्रश्नाकडे वळू. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्शुलिनच्या साहाय्याने स्नायूत शिरते आणि तेथे ग्लायकोजेनच्या रूपाने साठवली जाते, हे माहीत होते. पण यातला नेमका कोणता टप्पा मधुमेहात बिघडतो, हे जिवंत माणसात मोजलेले नव्हते.

अमेरिकेतील येल विद्यापीठात रॉबर्ट शुलमन हे चुंबकीय अनुस्पंदनाचे जाणकार आणि जेरल्ड शुलमन हे मधुमेहाचे वैद्य-संशोधक एकत्र आले. आडनाव एक असले तरी दोघांची विद्याशाखा वेगळी. त्यांनी कार्बन-१३ चा उपयोग केला. हे समस्थानिक किरणोत्सारी नसते, आणि निसर्गातल्या कार्बनमध्ये त्याचे प्रमाण केवळ १.१ टक्का असते. म्हणून कार्बन-१३ ने समृद्ध केलेले ग्लुकोज शिरेतून दिले, तर ते कुठे जाऊन साठते हे वर्णपटात उठून दिसते. ग्लायकोजेनचा रेणू अवाढव्य असतो आणि इतक्या मोठ्या रेणूचा संकेत सहसा विस्कटून नाहीसा होतो. पण ग्लायकोजेनचा संकेत पूर्णपणे दिसतो, हे आधीच सिद्ध झाले होते. त्याशिवाय हा प्रयोग शक्यच झाला नसता.

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाच मधुमेही आणि सहा निरोगी व्यक्ती होत्या. सर्वांच्या रक्तातली साखर व इन्शुलिन सलाइनद्वारे सारख्याच पातळीवर धरून ठेवली होती. निरोगी माणसांच्या स्नायूत दर किलोग्रॅममागे दर मिनिटाला सरासरी १८३ मायक्रोमोल ग्लुकोज ग्लायकोजेनमध्ये बांधले जात होते. मधुमेहींत केवळ ७८. रक्तातली साखर ज्या मुख्य मार्गाने दूर व्हायची, तोच मार्ग मंदावला होता.

पण मंदावला कुठे? कोठारात धान्य भरायचे आहे, अशी कल्पना करा. उंबरठ्याच्या आत पोत्यांचा ढीग साचला असेल, तर थप्पी लावणारा हळू काम करतो आहे. आत ढीग नसून पोती बाहेरच उभी असतील, तर अडचण दारात आहे. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजचे प्रथम ग्लुकोज-६-फॉस्फेट होते. हाच उंबरठ्याच्या आतला ढीग. १९९२ साली येलच्या गटाने फॉस्फरसच्या वर्णपटाने तो मोजला. मधुमेहींत तो वाढलेला नव्हता. उलट निरोगी माणसांपेक्षा कमी होता. म्हणजे दोष दाराशी होता. पुढे १९९९ मध्ये पेशीच्या आतले मोकळे ग्लुकोज मोजून, पेशीपटलातून साखर आत नेण्याची क्रियाच मुख्यतः अडते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

सरांच्या सडपातळ अंगाविषयीही उत्तर आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपली दोघांची तुलना छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. ते मोजमाप क्ष-किरणांचे होते. पुढे २००६ साली येलमध्ये तरुण, सडपातळ, निरोगी पुरुषांच्या यकृतातला मेद हायड्रोजनच्या वर्णपटाने मोजला, तेव्हा भारतीय वंशाच्या पुरुषांत तो गोऱ्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळला, आणि इन्शुलिनला दाद न देण्याचे प्रमाणही त्यांच्यात कित्येक पटींनी जास्त होते. अंगावर न दिसणारी चरबी यकृतात दडून बसू शकते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार आपल्या देशात मधुमेहींची संख्या १०.१ कोटी आहे. म्हणून हा अभ्यास आपल्या माणसांवर, आपल्या शहरांत होणे अगत्याचे आहे.

चुंबकाआधी प्रश्न

अशा संशोधनाचे यंत्र कोट्यवधी रुपयांचे असते. एका संशोधकाला ते परवडत नाही, आणि परवडले तरी त्याच्या एकट्याच्या कामाने ते दिवसभर चालत नाही. म्हणून ते सामाईक असावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९८२ साली सामाईक उपकरणांसाठी अनुदान सुरू केले. त्याचा एक नियम विचार करण्याजोगा आहे : यंत्राची खरी गरज असलेले किमान तीन प्रमुख वापरकर्ते अर्जातच दाखवावे लागतात. शिवाय यंत्राची देखभाल कोण करणार आणि वेळ कोण वाटणार, हेही आधीच लिहून द्यावे लागते. म्हणजे तराजू येण्यापूर्वी वही तयार पाहिजे.

याच्या उलट घडलेलेही मी पाहिले आहे. एका संस्थेत, तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, उत्तम चुंबक आला. उद्घाटन झाले, छायाचित्रे निघाली. पण फॉस्फरस व कार्बन ऐकण्यासाठी वेगळा रेडिओ-प्रवर्धक आणि वेगळी वेटोळी लागतात. नेहमीचे यंत्र फक्त हायड्रोजन ऐकते. ती मागणी कोणीच नोंदवली नव्हती, कारण मागणीपत्र तयार करताना ज्यांना काम करायचे होते त्यांना विचारलेच नव्हते. स्नायूंच्या ऊर्जेवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीने दोन वर्षे वाट पाहिली आणि अखेर विषय बदलला. यंत्र मात्र निर्दोष होते.

यास्तव पहिला निर्णय प्रश्नाचा. परीक्षानळीतील द्रव तपासायचा असेल तर अरुंद पोकळीचा, अतिप्रबळ क्षेत्राचा चुंबक लागतो. ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्राचे क्षेत्र ११.७ टेस्ला असते. आख्खा माणूस आत जायचा असेल तर पोकळी रुंद आणि क्षेत्र सामान्यतः दीड ते तीन टेस्ला. दोन्ही कामे एका चुंबकाने होत नाहीत.

जागा

दुसरा निर्णय जागेचा. अतिसंवाहक तारेचे वेटोळे द्रव हीलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडालेले असते. एकदा प्रवाह सोडला की तो वर्षानुवर्षे फिरत राहतो. पण काही बिघाड होऊन वेटोळे तापले, तर हीलियम उकळून एका लिटराचे सातशे लिटरांहून अधिक वायू होतात आणि खोलीतला प्राणवायू हुसकला जातो. म्हणून थेट इमारतीबाहेर जाणारी रुंद नळी आणि प्राणवायू घटताच इशारा देणारे उपकरण आवश्यक असते. भिंतींना तांब्याचे अस्तर लागते, नाहीतर शहरातल्या रेडिओतरंगांत तो क्षीण संकेत बुडून जातो. उद्वाहन, वाहनतळ, जमिनीखालचे लोखंड यांपासून अंतर राखावे लागते. हृदयात गतिनियामक बसवलेल्यांसाठी परंपरेने पाच गॉसची सीमारेषा जमिनीवर आखतात.

हे केवळ सोपस्कार नव्हेत. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन चुंबकाच्या खोलीत गेलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. चुंबक रात्रीही चालूच असतो, हे झाडणाऱ्यापासून संचालकापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

माणसे आणि पाळी

तिसरा निर्णय माणसांचा, आणि बहुतेक केंद्रे येथेच लंगडी पडतात. क्षेत्र एकसारखे राखणारा भौतिकीचा जाणकार, वेटोळी बनवणारा व दुरुस्त करणारा अभियंता, वर्णपटाचा अर्थ लावणारा जीवरसायनज्ञ, इन्शुलिन देताना रुग्णाजवळ बसणारे वैद्य आणि परिचारिका, यांतला एकही नसेल तर प्रयोग होत नाही. यांपैकी निदान दोघे तरी केंद्राच्या कायम नोकरीत असावेत; प्रकल्प संपला की जाणाऱ्या माणसांबरोबर केंद्राचे शहाणपणही निघून जाते. रोज सकाळी ठरलेल्या द्रावणाची बाटली चुंबकात ठेवून वर्णपट घ्यावा आणि कालच्याशी ताडून पाहावा, हे कंटाळवाणे काम त्यांनीच करायचे असते. ते चुकले, तर मार्चमधला मधुमेही आणि जूनमधला निरोगी यांच्यातला फरक शरीराचा की यंत्राचा, हे कोणीच सांगू शकत नाही.

चौथा निर्णय वेळेचा. शेतकरी घरातून आलेल्यांना सामाईक विहीर ठाऊक आहे. पाणी पुष्कळ असूनही भांडण होते ते पाळीवरून. रुग्णालयातली नेहमीची तपासणी अर्ध्या तासात आटोपते आणि लगेच उत्पन्न देते. साखरेचा माग काढणारा प्रयोग एका माणसासाठी दिवसाचा मोठा भाग घेतो आणि काहीच उत्पन्न देत नाही. दोघांना एकाच रांगेत उभे केले तर संशोधन नेहमीच मागे राहील. म्हणून संशोधनाचे वार वा तास आधी राखून ठेवावेत. ते वाटणाऱ्या समितीत बाहेरचेही सदस्य असावेत. नव्या कल्पनेची चाचणी घेण्यासाठी विद्यार्थ्याला थोडे तास विनामूल्य मिळावेत. आणि घेतलेली पाळी ऐनवेळी सोडणाऱ्याकडून शुल्क घ्यावे. हीलियम आपल्या देशात बहुतांशी परदेशातून येतो; त्याचा व वार्षिक देखभालीचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच धरावा, पुढच्या वर्षी पाहू असे म्हणू नये.

आणखी एक जबाबदारी सहसा विसरली जाते. निरोगी म्हणून आलेल्या स्वयंसेवकाच्या प्रतिमेत कधी अकल्पित गाठ दिसते. ते त्याला कोण सांगणार, पुढचा उपचार कोण पाहणार, हे नीतिविषयक समितीने पहिल्या दिवशीच ठरवलेले असले पाहिजे. जो आपले शरीर तासन् तास यंत्रात ठेवतो, तो या केंद्राचा पहिला भागीदार आहे.

आपल्याकडे

आपल्या देशाला ही पद्धत नवी नाही. मुंबईच्या टाटा संस्थेत १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्राचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि देशभरातल्या संशोधकांना ते खुले करण्यात आले. त्याच संस्थेच्या आपल्या हैदराबादेतल्या केंद्रातही आज प्रबळ क्षेत्राची अनुस्पंदन यंत्रे आहेत.

तरुण श्रोत्यांना मात्र मी एवढेच सुचवीन की, प्रत्येक सुरुवात मोठ्या चुंबकाने करावी लागत नाही. यकृतातला मेद हायड्रोजनच्या संकेतावरून मोजता येतो, आणि त्यासाठी रुग्णालयातले आजचे यंत्र बहुधा पुरते. एखादे रुग्णालय, एखादे महाविद्यालय आणि मधुमेहाचे दोन-तीन वैद्य यांनी एकत्र बसून आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवली, एक प्रश्न ठरवला आणि एक वही उघडली, तर सामाईक केंद्राचा आरंभ झाला असे समजावे. फॉस्फरस आणि कार्बन त्यामागून येतील. जेथे पाळीचा नियम आधी रुजला आहे, तेथे मोठे यंत्र आले तरी पडून राहणार नाही.

सरांना हे उत्तर त्यांच्या हयातीत देता आले नाही, याची खंत आहे. ते त्यांच्याच शाळेत, त्यांच्या विद्यार्थ्यांपुढे मांडता आले.